पट सात जणांचा आहे

सिव्हिलायझेशन हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांमध्ये एक मत फार पक्कं रुजलेलं आहे. जिंकायचं असेल तर दुसऱ्यांचे शोध रोखले पाहिजेत. एरवी शहाणीसुरती असलेली माणसं हे मत इतक्या गंभीरपणे मांडतात, की जणू चाणक्यानेच येऊन त्यांच्या कानात सांगितलंय. मला हे मत साफ चुकीचं वाटतं. ते गेमपुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. पण ते तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून आज जरा सविस्तर.

ज्यांनी हा गेम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. सिड मायरचा पहिला सिव्हिलायझेशन १९९१ साली आला. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये एका वसाहतीपासून सुरुवात करायची आणि चाक, लिपी, छपाई, वीज असे एकेक शोध लावत अवकाशयानापर्यंत पोचायचं. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा डाव. घाई कसली नाही, आणि म्हणूनच रात्रीचे दोन कधी वाजले ते कळत नाही. मी मुख्यतः बोलणार आहे ते २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीबद्दल. सोरेन जॉन्सन तिचा मुख्य रचनाकार. मुळाक्षरांचा शोध लागला की तिच्यात शोधांची अदलाबदल सुरू होते. मी तुला गणित देतो, तू मला लोखंडाची विद्या दे. नेहमीच्या आकाराच्या नकाशावर सात संस्कृती असतात. एक आपली, सहा कॉम्प्युटरच्या. हा सात आकडा कृपया लक्षात ठेवा, माझं सगळं भांडण त्याच्यावरच उभं आहे.

शोध रोखणाऱ्या मंडळींची पाककृती साधारण अशी असते. आपल्याकडचा शोध कुणालाही द्यायचा नाही. जो पुढे जातोय त्याच्यावर दुसऱ्या कुणालातरी लाच देऊन सोडायचं. आणि एवढ्यानेही भागलं नाही तर स्वतः सैन्य घेऊन जायचं आणि त्याचा मुलूख जाळायचा. आता एकेक बघू.

पहिली गोष्ट, देणं बंद. समजा, तुम्ही दुकानाला कुलूप लावलंत. बाकीचे सहा थोडेच थांबणार आहेत? ते आपापसात व्यवहार करत राहतात. एकाने एक शोध लावला, दुसऱ्याने दुसरा, आणि दोघांकडे दोन-दोन झाले. प्रत्येक शोधाची पूर्ण किंमत मोजणारा पटावर एकच माणूस उरतो, तो म्हणजे तुम्ही. शिवाय जो शोध तुम्ही छातीशी धरून बसलात, तो आज ना उद्या त्या सहांपैकी कुणाला तरी लागतोच. तो काही तुमच्यासारखा थांबत नाही, लगेच बाकीच्यांना विकतो. म्हणजे रोखायचं होतं ते रोखलं गेलं नाहीच, आणि जी किंमत तुम्हाला मिळाली असती ती त्याच्या खिशात गेली. शोध ही गेममधली अशी वस्तू आहे जी दिल्याने आपल्याकडची कमी होत नाही. सोनं दिलं तर तिजोरी रिकामी होते, घोडे दिले तर घोडे जातात. गणित दिलं तरी गणित आपल्याकडे राहतंच. अशी वस्तू न विकता सडवणाऱ्याला आपण बाजारात काय म्हणू?

त्यातही गंमत बघा. ज्या संस्कृतींशी आपली ओळख झालेली आहे, त्यांच्यापैकी जितक्यांना एखादा शोध माहीत असेल तितका तो आपल्याला सोपा जातो. सगळ्यांना माहीत असेल तर त्यावरचं आपलं संशोधन ३० टक्क्यांपर्यंत जास्त वेगाने होतं. म्हणजे गेम लिहिणाऱ्यांनीच नियमात लिहून ठेवलंय की आजूबाजूला जाणती माणसं असणं फायद्याचं. भोवती सगळा अडाणी मुलूख ठेवलात तर पुढची प्रत्येक पायरी तुम्हालाच खोदावी लागते.

आणि कॉम्प्युटर आपल्याशी हेच वागतो तेव्हा? देवाणघेवाणीत आपण किती शोध घेतले याचा तो हिशोब ठेवतो आणि एका मर्यादेनंतर नकार देतो. कारण काय, तर तुम्ही फारच पुढारत चालला आहात, आम्हाला भीती वाटते. तेव्हा हीच शोध रोखणारी मंडळी किती चिडतात! हा काय नियम झाला, हा अन्याय आहे वगैरे वगैरे. अहो, तो तुमचंच तत्त्वज्ञान तुम्हाला ऐकवतोय.

दुसरी गोष्ट, लाच देऊन युद्ध लावून देणं. ही युक्ती फार हुशारीची समजली जाते. पण कॉम्प्युटरच्या राजाला युद्धात उतरवायची किंमत काय असते? बहुतेक वेळा एखादा शोधच! म्हणजे एकाला मागे खेचण्यासाठी आपण दुसऱ्याला पुढे ढकलतो. वर ज्याच्यावर सोडलं तोही हे विसरत नाही, पुढचे कित्येक डाव त्याचा राग टिकून राहतो. जगात कुणी मागे गेलं का, तर एक गेला. पुढे कोण आलं? ज्याला लाच दिली तो. आता त्याला रोखायला तिसऱ्याला शोधा.

तिसरी गोष्ट मात्र खरोखर लागू पडते. चौथ्या आवृत्तीत संशोधनाचा पैसा बराचसा वस्त्यांमधून येतो. आधी एक झोपडी, तिची वाडी, वाडीचं गाव, गावाचा कसबा. लोक त्या जमिनीवर राबत असतील तर झोपडीची वाडी व्हायला १० डाव लागतात, वाडीचं गाव व्हायला २०, गावाचा कसबा व्हायला ४०. एकूण ७० डाव. सुरुवातीला १ नाणं देणारी जागा शेवटी ४ देते. आणि हे सगळं जाळायला? चार वेळा लूट केली की कसब्याच्या जागी मोकळं रान. शत्रूचं संशोधन खरंच मंदावतं. तेव्हा ‘प्रतिस्पर्ध्याची प्रगती रोखणे’ या गुळगुळीत शब्दांचा अर्थ तरी सरळ सांगा की! याचा अर्थ गावं जाळणे. सत्तर डावांत उभं राहिलेलं चार डावांत राख करणे.

बरं, गेम आहे, खोटी गावं आहेत, जाळली म्हणून काय झालं? चालेल. मग निव्वळ हिशोब करू. सैन्य तुमचं, त्याचा पोसण्याचा खर्च तुमचा. युद्ध लांबलं की तुमच्याच शहरांतले लोक कुरकुरायला लागतात. खर्च भागवायला संशोधनाची पट्टी खाली ओढावी लागते, म्हणजे तुमचंही संशोधन मंदावलं. आणि जळालेल्या शत्रूमुळे फायदा कुणाचा? तो मागे पडला याचा फायदा उरलेल्या सहाही जणांना सारखाच मिळतो. त्यातले पाच जण घरी बसून, एक पै न खर्चता तो घेतात. इथे तो सात आकडा आठवा. पटावर दोघेच असतील तर त्याचं नुकसान तो माझा फायदा, हे अगदी खरं. सात असतील तर त्याच्या नुकसानीचा खर्च माझा आणि फायदा सगळ्यांचा. शोध रोखणारे खेळतात सात जणांत, पण डोक्यात सतत दोघांचाच पट असतो.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. दोघांच्याच सामन्यात रोखणं योग्य. सीमेवर फौज लावून बसलेल्या शेजाऱ्याला नव्या बंदुका विकणं हा मूर्खपणा. लिबरॅलिझमचा शोध सगळ्यात आधी लावणाऱ्याला आणखी एक शोध फुकट मिळतो. त्या शर्यतीत असताना त्याच्या अलीकडचा शिक्षणाचा शोध चार डाव दाबून ठेवणं समजू शकतं. आणि शेवटी कुणी यान सोडून जिंकायच्या बेतात असेल, तर त्याच्या राजधानीवर चालून जाण्यावाचून गत्यंतर नसतं. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. माणूस ठरलेला आहे, वस्तू ठरलेली आहे, मुदत ठरलेली आहे. माझं भांडण आहे ते कुणालाही, काहीही, कधीही द्यायचं नाही या बाण्याशी.

कुणी म्हणेल, २०१० च्या पाचव्या आवृत्तीत तर अदलाबदल काढूनच टाकली. काढली ना, पण तिच्या जागी काय आणलं? संशोधन करार. दोघांनी सोनं घालायचं, मुदत संपली की फायदा दोघांना, मध्येच युद्ध झालं तर दोघांचे पैसे बुडाले. म्हणजे तिथेही एकट्याने कडी लावून बसणारा मागेच.

हे मत गेमपुरतं थांबत नाही असं वर म्हटलं. परीक्षेच्या आधी लायब्ररीतलं नेमकं पुस्तक भलत्याच कपाटात लपवणारा मुलगा प्रत्येक कॉलेजात असतो. शेजारच्या बाकावरच्याला ते मिळू नये म्हणून. बारावीला बसतात लाखो मुलं. त्यातल्या एकाला मागे ठेवून याचा नंबर कितीने वर जाणार? एकाने. आणि पुस्तक लपवण्यात, नोट्स नाकारण्यात, नंतर त्या मुलाकडून काहीच न मिळण्यात गेलं किती? त्याला कुणी हे गणित घालत नाही, उलट ‘हुशार आहे हो’ म्हणतात.

आणि देशांचं म्हणाल तर आपण स्वतःच या पटावर रोखले गेलेलो आहोत. अमेरिकेने अधिक शक्तिशाली क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, तर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. क्रायोजेनिक इंजिनासाठी रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी करार होता. १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस दोघांवर निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतलं, तयार इंजिनं तेवढी दिली. आपलं नुकसान झालं, नाही कशाला म्हणू? भारतीय क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी झालं ते थेट ५ जानेवारी २०१४ ला. वीस वर्षं गेली. पण रोखणाऱ्याच्या हाती काय लागलं? ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह गेला. नासा आणि इस्रोचा एकत्र प्रकल्प, त्यात नासाचं रडार, आणि ते वर नेणारं यान जीएसएलव्ही. जे इंजिन या देशाच्या हाती लागू नये म्हणून एवढा आटापिटा केला, त्याच जातीच्या इंजिनावर अमेरिकेचं रडार अवकाशात गेलं.

रोखणारे यावरही म्हणतील, वीस वर्षं मिळाली ना! मिळाली. पण त्या वीस वर्षांत पटावरचे बाकीचे काय हात बांधून बसले होते? चीन तेव्हा एका जागी उभा होता का?

असो. गेम आपापल्या घरी, ज्याने त्याने हवा तसा खेळावा. पण पुढच्या वेळी कुणी कॉम्प्युटरचा राजा शोध मागायला आला, तर नाही म्हणण्याआधी त्याच्या यादीत आपल्याकडे नसलेलं काय आहे तेवढं एकदा बघा. आणि तरीही नाहीच म्हणायचं असेल, तर बाकीचे पाच त्याला हो म्हणणार आहेत, हे धरून चाला.