माया पाहून येते

मुलांना चांगले वळण लागावे म्हणून आपण परिपाठात सुविचार सांगतो आणि पाठ्यपुस्तकात बोधपर धडे घालतो. ही साधने कानाची आहेत. मूल मात्र आधी डोळ्यांनी शिकते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ सालचा प्रयोग शिक्षकवर्गाच्या परिचयाचा आहे. मोठ्या माणसाला एक बाहुला बडवताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी संधी मिळताच तो तसाच बडवला. वॉर्नेकेन व टोमासेलो यांनी २००६ साली या विषयाची दुसरी बाजू दाखविली. परक्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू अठरा महिन्यांची मुले कोणत्याही बक्षिसावाचून उचलून देत होती. मदतीची ऊर्मी इतक्या लवकर प्रकट होते. तिचे पुढे काय होणार, हे भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते.

धानोरा तालुक्यात याचे प्रत्यंतर दूर शोधावे लागत नाही. मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी वडीलधारी माणसे ज्या मुलांच्या नित्य पाहण्यात येतात, त्यांना सहिष्णुतेचा वेगळा धडा कशाला हवा? गोंड समाजातील गोटुलाचेही मर्म हेच. तेथे धाकटी मुले थोरल्यांबरोबर वावरत काम, नाच आणि रीतभात शिकत.

याचा अर्थ खेड्यात सारे मंगलच आहे, असा मात्र नव्हे. आईचे पाहून सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेते, त्याला भरवते, जोजवते. हे अनुकरण हृद्य आहे. परंतु त्यापायी तिची शाळा बुडत असेल, तर तिच्या मायेची किंमत आपण तिच्याच भवितव्यातून वसूल करतो. अंगणवाडी वेळेवर उघडणे म्हणूनच अगत्याचे. शिवाय जे मूल माया उचलते, तेच खर्राही उचलते. वडिलांच्या हातातील पुडी पाहणाऱ्या मुलापुढे व्यसनमुक्तीचे भाषण व्यर्थ होय.

आता शाळेकडे वळू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. पण छडी गेली म्हणून उपहास गेला काय? घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या मराठी उच्चाराला गुरुजी हसले, तर सारा वर्ग हसायला शिकतो. उलट गुरुजींनी त्याच मुलाकडून गोंडीतले चार शब्द विचारून घेतले, तर परक्याच्या भाषेचा आदर कसा करावा, हे तीस मुले एकदम पाहतात. त्यासाठी स्वतंत्र तासिका लागत नाही, अनुदानही लागत नाही.

हीच गोष्ट कचेरीतील कारकुनालाही लागू आहे. दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या आजोबांना आपण ‘बसा’ म्हणतो की खेकसतो, हे त्यांचे बोट धरून आलेला नातू पाहत असतो. राज्य म्हणजे काय, याचा त्याचा पहिला धडा तोच. तो कसा द्यावयाचा, हे आपल्या हाती आहे.