यंत्रांतील हुंकार आणि फूत्कार

आमचे वडील बंधु आतां ऐंशीच्या पुढें गेले आहेत. सारें घर त्यांना अण्णा म्हणतें. दिवेलागण झाली कीं माडीवरच्या खोलींत बसून तासभर जुन्या रेकॉर्डी ऐकावयाच्या, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या चातुर्मासांत तो एकाएकीं मोडला. विचारलें तर "कंटाळा आला" एवढेंच उत्तर मिळे. पुढें एके दिवशीं ते वहिनींजवळ बोलून गेले, "गाणें लावलें कीं कानांत घुमूं लागतें. रेकॉर्ड संपली तरी तंबोरा थांबत नाहीं. कर्णनाद जडला, वयाप्रमाणें व्हावयाचेंच." सुश्रुतानें कर्णरोगांत कर्णनाद सांगितला आहे हें अण्णांस ठाऊक, त्यामुळें निदानही त्यांनीं स्वतःच उरकून घेतलें होतें!

वहिनींनीं हें आम्हांस सांगितलें, तेव्हां आम्ही माडीवर गेलों, यंत्र सुरू केलें आणि रेकॉर्ड न ठेवतांच कान दिला. तों काय, तोच तंबोरा आम्हांसही ऐकूं आला! यंत्र बंद करतांच तंबोराही बंद. दोष अण्णांच्या कानांत नव्हता, यंत्रांत होता. आणि दोन महिने एक वृद्ध मनुष्य तो आपल्या माथीं घेऊन मुकाट बसला होता. ज्या घरांत असें यंत्र आहे, त्या घरास उपयोग व्हावा म्हणून पुढील हकीकत देत आहों.

असल्या यंत्रांत उपद्रव देणारे आवाज मुख्यतः दोन. पहिला हुंकार : खोल, एकसुरी, भुंग्यासारखा. दुसरा फूत्कार : पत्र्यावर पावसाची बारीक सर पडावी तसा, ज्याला सूर म्हणून नाहींच. दोहोंचीं कारणें निराळीं, म्हणून उपायही निराळे.

हुंकाराचा उगम घरच्या विजेंत आहे. आपल्याकडील वीज 230 व्होल्टची असून ती एका सेकंदांत 50 आवर्तनें करते. तिचा अंश गाण्याच्या वाटेंत शिरला कीं 50, 100, 150 अशा पटींच्या कंपनांचा आवाज निघतो. आतां संगीतज्ञांनीं हिशेब पाहावा. पांढरी एक या पट्टींतील षड्ज सेकंदास सुमारें 131 कंपनांचा. त्याचा मंद्र पंचम 98 चा. अण्णांच्या आवडीची रेकॉर्ड नेमकी याच पट्टींतील. 100 कंपनांचा हुंकार तंबोऱ्याच्या पहिल्या तारेच्या अगदीं शेजारीं येऊन बसला, तर त्यांस तो तंबोरा वाटला यांत नवल तें कोणतें?

उगम शोधावा कसा? न्यायशास्त्रांत यास जुनें साधन आहे. जें असतां कार्य होतें तो अन्वय. जें नसतां कार्य होत नाहीं तो व्यतिरेक. आमची नात शाळेंत विज्ञान शिकते. तिला हाताशीं घेऊन आम्ही याच मार्गानें गेलों.

प्रथम ॲम्प्लिफायरचें आवाजाचें बटण शून्यावर आणलें. हुंकार नाहींसा झाला. तो तसाच राहता, तर दोष बटणाच्या पुढील भागांत, म्हणजे बहुधा यंत्राच्या वीजपुरवठ्यांत, समजावा व जाणत्या कारागिरास बोलवावें. नाहींसा झाला, म्हणजे तो बटणाच्या अलीकडून येत होता. नंतर यंत्र बंद करून मागील सर्व तारा काढल्या आणि एकेक तार जोडून पाहिली. दर खेपेस यंत्र आधीं बंद केलें. नाहींतर धाडकन् आवाज होऊन स्पीकर बिघडतो.

पहिली तार रेकॉर्ड वाजविणाऱ्या थाळीची. येथें फार जपावें लागतें. सुईपासून निघणारा विजेचा संदेश जेमतेम 5 मिलिव्होल्टचा. सीडीच्या यंत्राचा सुमारें 2 व्होल्टचा, म्हणजे चारशें पट. शिवाय रेकॉर्ड भरतांना खालचे स्वर मुद्दाम कमी केलेले असतात व वाजवितांना ते उचलून घ्यावे लागतात. त्यांबरोबर हुंकारही उचलला जातो. म्हणून थाळीपासून निघणारी बारीक भूतार ॲम्प्लिफायरच्या मागील स्क्रूला घट्ट बसली आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि थाळी ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर ठेवावी. आमच्या येथें दोन्ही यथास्थित होतीं. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही कधीं कधीं चरचर उत्पन्न करतो. तो बंद करून पाहिला, फरक नाहीं.

शेवटीं टेलिव्हिजनची तार जोडली मात्र, तंबोरा परत घुमूं लागला! गच्चीवरून आलेली केबल टेलिव्हिजनपासून काढली, तों शांत. नात टाळ्या पिटूं लागली. तेव्हां आठवलें कीं, बातम्या मोठ्यानें ऐकूं याव्यात म्हणून पुतण्यानें टेलिव्हिजन या यंत्रास जोडला, तो आषाढांतच.

कारण असें. ॲम्प्लिफायर आपल्या तीन पिनांच्या प्लगानें घरच्या भूमीस जोडलेला. केबलचें बाहेरील आवरण दुसरीकडे कोठें तरी भूमीस जोडलेलें. या दोन भूमि तारेनें एक झाल्या कीं एक कडें तयार होतें. त्यांतून विजेचा अल्प प्रवाह फिरत राहतो व तोच स्पीकरांतून गुणगुणतो. उपाय हें कडें तोडण्याचा. सर्व प्लग एकाच बोर्डावर घ्यावे. तेवढ्यानें न भागल्यास टेलिव्हिजनकडून येणाऱ्या आवाजाच्या तारेंत लहानसा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. आम्ही तोच बसविला.

येथें एक गोष्ट बजावून सांगावयाची आहे. एका दुरुस्तीवाल्यानें पुतण्यास टेलिफोनवरून सुचविलें होतें कीं, प्लगाची मोठी पिन मोडून टाका, आवाज जाईल. आवाज जाईल हें खरें. परंतु ती पिन लांब व जाड केलेली आहे ती प्राणरक्षणासाठीं. आंतील जिवंत तार सुटून पेटीच्या पत्र्यास लागली, तर प्रवाह या पिनेच्या वाटेनें भूमींत जातो आणि फ्यूज उडतो. ती वाट बंद केली, तर पेटीला हात लावणारा मनुष्य हीच प्रवाहाची वाट होते. आमच्या घरीं रोज संध्याकाळीं त्या पेटीवर पडणारा हात अण्णांचा! हुंकार सोसावा, पण ही पिन कोणीही काढूं नये. तसेंच यंत्राची पेटीही घरीं उघडूं नये. प्लग काढल्यानंतरही आंतील कपॅसिटरांत वीज सांठून राहते.

आतां फूत्काराविषयीं. पदार्थांतील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळें सदैव अस्वस्थ हालचाल करीत असतात व तीच ऐकूं येते. अमेरिकेंतील जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं 1928 सालीं याचें माप व गणित प्रसिद्ध केलें. हा आवाज समूळ जाणार नाहीं. झांकतां मात्र येतो. मोबाइल किंवा तत्सम यंत्राचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि ॲम्प्लिफायरचें बटण खालीं ठेवावें. उलट केल्यास दुर्बळ गाण्याबरोबर फूत्कारही वाढवून घ्यावा लागतो. कॅसेटींतील फूत्कार बहुतांशीं फितीचाच असतो. गाणें नसतांना, स्पीकरला कान लावल्यावरच तो ऐकूं येत असेल, तर यंत्र निरोगी समजून स्वस्थ बसावें.

त्या संध्याकाळीं अण्णांना वर नेऊन बसविलें. रेकॉर्ड संपली, सुई उचलली. खोलींत कांहीं आवाज उरला नाहीं. अण्णा बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "तरीच! तो पंचम किंचित् चढा लागत होता." अठ्याण्णव आणि शंभर यांतील अंतर ज्या कानांनीं ओळखलें, त्यांस आम्ही बहिरे ठरूं दिलें होतें. घरांतील वडील मनुष्याची आवडीची गोष्ट एकाएकीं सुटली, तर वयाला बोल लावण्यापूर्वीं त्यांच्या शेजारीं क्षणभर बसून त्यांना काय ऐकूं येतें तें आपणही ऐकावें, एवढी आमची विनंति आहे.