आपला जिल्हा कॅन्सरमध्ये सगळ्यात खाली?

आजची नोंद पिकाची नाही, पण फवारणीशी तिचा संबंध आहे, म्हणून इथंच लिहितो.

मागच्या पंधरवड्यात आमच्या ग्रुपवर पंजाबच्या 'कॅन्सर ट्रेन'चा व्हिडिओ परत फिरला. भटिंड्याहून बिकानेरला जाणारी रेल्वे, डब्यात रुग्ण, आणि खाली ओळ, 'औषधं मारून मारून आपलं पण हेच होणार.' त्यावर एका दुकानदाराचं उत्तर, 'खोटं आहे, कॅन्सर तर युरोप-अमेरिकेत जास्त.' दोन दिवस भांडण चाललं. आकडा कुणीच बघितला नव्हता. म्हणलं, आपणच बघू.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, फ्रान्समधल्या लिऑनला. तिच्या 'ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी' या साइटवर 'कॅन्सर टुडे' नावाचं साधन आहे. फुकट आहे, मोबाइलवर चालतं. देश निवडायचा, कॅन्सरचा प्रकार, पुरुष की स्त्री, वय, आणि नवे रुग्ण हवेत की मृत्यू. लगेच नकाशा रंगतो.

तर २०२२ सालचा अंदाज असा. ऑस्ट्रेलियात लाखाला ४६२.५ नवे रुग्ण, भारतात ९८.५. दुकानदार जिंकला की काय!

इथं थोडं थांबायला लागतं. हे आकडे वय जुळवून काढलेले आहेत. वीस वर्षांची मोसंबीची बाग आणि चार वर्षांची बाग यांतली मर सरळ तुलना करून चालत नाही, जुन्या बागेत झाडं जास्त जाणारच. तसं म्हाताऱ्या माणसांच्या देशात कॅन्सर जास्त दिसणारच. साधनात 'क्रूड' निवडलं तर वय न जुळवलेला दर येतो, 'एएसआर' निवडलं तर जुळवलेला. जपान क्रूडमध्ये खूप वर दिसतो, एएसआरमध्ये बराच खाली येतो. दोन देश तोलताना एएसआरच घ्या. ग्रुपवर आकडा टाकणाऱ्यानं कोणता दर घेतला हे सांगितलं नसेल, तर तो आकडा वाचू पण नका.

आता वय जुळवूनही आपण खालीच. मग मी नव्या रुग्णांच्या शेजारी मृत्यू लावून बघितले. भारतात वर्षाला साधारण १४ लाख १३ हजार नवे रुग्ण, आणि मृत्यू ९ लाख १७ हजारांच्या आसपास. म्हणजे शंभर नव्या रुग्णांमागे ६५ मृत्यू. ऑस्ट्रेलियात हेच साधारण चौथा हिस्सा. (मरणारे त्याच वर्षी सापडलेले असतात असं नाही, पण अंदाज येतो.) आपल्याकडं आजार उशिरा सापडतो, उपचार अर्धे राहतात, आणि काही जण कुठल्याच कागदावर न येता जातात.

खरा धक्का पुढं बसला. त्या साधनात जिल्हा नाही, भारत एकच ठोकळा. म्हणून आयसीएमआरच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल काढला. त्यात २०१२ ते २०१६ ची माहिती आहे, देशभरातल्या २८ नोंदणी केंद्रांची. पुरुषांत सगळ्यात जास्त दर मिझोराममधल्या ऐझॉलचा, लाखाला २६९.४. आणि सगळ्यात कमी? उस्मानाबाद-बीड. पुरुष ३९.५, स्त्रिया ४९.४. म्हणजे आपणच!

आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला माझा चुलता आठवला. त्याचं निदान सोलापूरला झालं, उपचार पुण्यात, आणि केसपेपरवर पत्ता लिहिला पोराच्या खोलीचा, हडपसरचा. नोंदणी रुग्णाच्या राहत्या पत्त्यावर होते, दवाखाना कुठला हे बघून नाही. मग चुलता आमच्या जिल्ह्यात मोजला गेला, की पुण्यात?

तुम्हाला हे पावसासारखं सांगतो, लगेच कळेल. मंडळाच्या पर्जन्यमापकावर ६५ मिलिमीटर नोंदला तर अतिवृष्टी. तुमच्या शिवारात बांध फुटले, पण यंत्र दहा किलोमीटरवर कोरडं, तर कागदावर पाऊस झालाच नाही. आपण त्यासाठी तहसीलवर मोर्चे नेले. कॅन्सरची नोंदणी म्हणजे तसलाच मापक आहे, आणि त्या अहवालाच्या वेळी तो देशातल्या साधारण दहा टक्के लोकसंख्येपुरताच बसवलेला होता. त्या अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी गेले तो यवतमाळ त्यात नाही. द्राक्षाचा नाशिक नाही. केळीचा जळगाव नाही.

माझं म्हणणं असं नाही की आपला कमी दर खोटा आहे. गावाकडं दर शहरापेक्षा कमी असू शकतो. पंजाबातसुद्धा नोंदणी सुरू झाल्यावर चंदीगड-मोहालीचा दर संगरूर-मानसापेक्षा जास्त निघाला. पण तो खरंच कमी आहे, की कमी सापडला, हे या आकड्यातून कळत नाही.

आणि फवारणीचं? त्याचं उत्तर या साधनात नाहीच. तिथं वय आहे, लिंग आहे, प्रकार आहे, पण माणूस काय काम करायचा आणि कोणतं औषध किती वर्षं मारलं याचा रकानाच नाही. याच लिऑनच्या संस्थेनं २०१५ ला मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले, पण ते वेगळ्या अभ्यासांवरून. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनात १९९३ पासून परवानाधारक फवारणीवाले आणि त्यांच्या बायका-नवरे मिळून ८९ हजारांवर माणसांचा मागोवा घेतायत. प्रश्न सुटतो तो असा, देशांचे नकाशे रंगवून नाही. त्यामुळं ऑस्ट्रेलियाचा आकडा दाखवून औषध विकणारा आणि पंजाबची रेल्वे दाखवून सेंद्रिय गूळ विकणारा, दोघंही मला सारखेच.

जाता जाता, साधनात भारत आणि पुरुष निवडून बघा. पहिल्या नंबरला तोंडाचा कॅन्सर, वर्षाला १ लाख ७ हजारांवर. आमच्यात फवारणीवर वाद घालता घालता चुन्याची डबी फिरत होती. मी पण चिमूट घेतली, खोटं कशाला सांगू.

नोंद ठेवून काय होतं म्हणणाऱ्यांसाठी बार्शी आहे. तिथं १९८७ ला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. माणसं बार्शी, भूम, परांड्याच्या गावोगाव फिरली, चौकशी करताना लक्षणं सांगत गेली, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या. पुढं याच उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे २००९ मध्ये जगासमोर आलं. आपल्याच गावातल्या बायका होत्या त्या.

म्हणून मला वाटतं, पर्जन्यमापकासाठी भांडतो तसं नोंदणीसाठी भांडावं. फवारणीच्या जिल्ह्यांत आधी, आणि नोंदीत व्यवसायाचा रकाना असावा. पेजवर कृषी विद्यापीठातली, केव्हीकेमधली मंडळी आहेत. त्यांना विनंती, फवारणीची वही फक्त निर्यातीच्या द्राक्षवाल्यांकडून भरून घेऊ नका, कापूस-सोयाबीनवाल्यांकडून पण घ्या. औषध, तारीख, आणि फवारणाऱ्याचं नाव. पंप बहुतेक मजुराच्या पाठीवर असतो, मालकाच्या नाही.

चुलत्याची पुढची तारीख आली तेव्हा मी बरोबर गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंना कायमचा पत्ता बदलून गावचा घालायला सांगितलं. त्यांनी विचारलं, 'कशाला?' रांग मोठी होती, म्हणलं, 'राहतात तिकडंच, मॅडम.'