‘उर्वरित’ महाराष्ट्रातले धडगाव

1 ऑगस्ट 2014 पर्यंत मोखाडा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. ठाण्यातले मॉल आणि मोखाड्यातली टँकरपुढची रांग एकाच बेरजेत पडत आणि भागाकार झाला की रांग दिसेनाशी होई. पालघर जिल्हा झाला म्हणून मोखाड्यात रातोरात पाणी आले नाही. मोजणारी चौकट तेवढी बदलली. प्रादेशिक विषमतेचा वाद निधीवरून रंगतो, चौकटीबद्दल कोणी भांडत नाही.

खरे तर विषमता मोजण्याचा वसा महाराष्ट्राने फार आधी घेतला. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये रस्ते, सिंचन अशी एकेक बाब घेऊन राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे, हे रुपयांत मांडले. सुमारे 3,187 कोटींचा अनुशेष निघाला आणि तो शब्द भाषणांत कायमचा रुजला. पण शेवटच्या शेताला पाणी पोचले का, याला त्या हिशेबात रकाना नव्हता. विजय केळकर समितीने 2013 मध्ये अनुशेषापलीकडे पाहायला सांगितले. तो अहवाल कपाटात गेला.

हिशेब मात्र अजून विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित’ या तीन खणांतच होतो. (उर्वरित! काय शब्द आहे.) या खणात मुंबई-पुण्याच्या पंगतीला नंदुरबार बसते. नीती आयोगाच्या 2021 च्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात राज्यातले सुमारे 15 टक्के लोक गरीब होते, नंदुरबारमधले निम्म्याहून अधिक. त्या जिल्ह्यातही नंदुरबार शहर वेगळे, सातपुड्यातला धडगाव तालुका वेगळा. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाने जिल्ह्याचे उत्पन्न कागदावर फुगेल. त्याच जिल्ह्यातल्या भामरागडच्या बाईला बाळंतपणासाठी किती लांब जावे लागते, ते त्यात दिसणार नाही.

देशांतर्गत विषमता कमी करणे हा शाश्वत विकासाच्या दहाव्या उद्दिष्टाचा भाग. पण ती मोजायची तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्याशी येऊन थांबते आणि 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्या तीन खणांसाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदतही 30 एप्रिल 2020 रोजी संपली. या मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, असे घटनेचे कलम 371(2) सांगते. मंडळे पुन्हा आणायची तर निधीच्या टक्केवारीआधी त्यांना मोजणीचे काम द्यावे. पाणी, कुपोषण, दहावी झालेल्या मुली, दवाखान्याचे अंतर यांचे तालुकावार आकडे दरवर्षी अर्थसंकल्पासोबत सभागृहात ठेवावेत. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा त्यावरून वाटावा. मग पालकमंत्र्यांना धडगावचा आकडा नंदुरबारच्या सरासरीत लपवता येणार नाही.