दोष यंत्राचा की दोऱ्याचा?

शिवणाचे यंत्र अडले की यंत्रालाच बोल लावण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. टाका सुटला, यंत्र जुने झाले. दोरा तुटला, यंत्र बिघडले. कापडाखाली गुंता झाला, यंत्रात खोट आली. कारागीर बोलावला जातो, तो पेचकस फिरवून पैसे घेऊन जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. आमचे मत याहून निराळे आहे. बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांतील शिंप्यांच्या आणि घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनींच्या यंत्रांना जे विकार जडतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ यंत्राच्या लोखंडात नसून त्यावर चढविलेल्या रिळात आणि त्यात घातलेल्या तेलात असते. रीळ काय आणि तेल काय, दोन्ही वस्तू व्यापाऱ्याच्याच दुकानातून जातात. तेव्हा हा विषय केवळ शिंप्याचा आहे असे समजून तो बाजूला सारणे आपणांस शोभणारे नाही.

एके काळी गुलबर्ग्याची महबूबशाही गिरणी हे या प्रदेशाचे भूषण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामी अमलात उभी राहिलेली ती गिरणी आज बंद आहे. कापूस, सूत आणि त्याचा कस जाणणारी माणसे गावातच असत, तो काळ गेला. आता दोऱ्याचे रीळ दूरदूरच्या कारखान्यांतून येते. ते कन्नडात ‘दार’ म्हणून मागितले जावो, दखनीत ‘धागा’ म्हणून किंवा मराठीत ‘दोरा’ म्हणून, त्याच्या गुणावगुणाची ग्वाही देणारा या भागात दुकानदारावाचून दुसरा कोणी उरलेला नाही.

गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन येते, रंग जुळवून मागते. दुकानदार पेटीतून पाचपंचवीस रिळे काढतो, उजेडात नेऊन रंगास रंग लावून पाहतो आणि जुळला की व्यवहार पुरा होतो. या रंगजुळणीत आपले दुकानदार इतके निष्णात आहेत की त्यांच्या नजरेचे कौतुकच करावे. परंतु हे कापड सुती की टेरिकॉट, यंत्र पायाचे की मोटारीचे, सुई कितव्या नंबरची, असे विचारणारा दुकानदार आम्हांस क्वचितच भेटला. रंग डोळ्यांना दिसतो. पीळ, जाडी आणि कस हे दिसत नाहीत. आणि यंत्राला रंगाशी काही कर्तव्य नसते.

दोऱ्यावर यंत्रात काय प्रसंग गुदरतो याची कल्पना आली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. सुईबरोबर खाली गेलेल्या वरच्या दोऱ्याला बॉबीनच्या घराला वळसा घालून यावे लागते. त्यासाठी दर टाक्याला कित्येक सेंटिमीटर दोरा खाली ओढला जातो, पण शिवणीत खर्ची पडतो तो जेमतेम तीन मिलिमीटर. उरलेला पुन्हा वर खेचला जातो. याचा अर्थ असा की दोऱ्याचा प्रत्येक कण कापडात कायमचा बसण्यापूर्वी सुईच्या नेढ्यातून पंचवीस-तीस वेळा तरी खाली-वर घासला जातो. हाताने ओढून पाहिल्यास जो दोरा मजबूत वाटतो, तोच या घासणीत तंतू सोडू लागतो. ते तंतू ताणाच्या चकत्यांमध्ये आणि बॉबीनच्या घराच्या पट्टीखाली साचतात. मग ताण कधी घट्ट, कधी सैल होतो. शिंपी स्क्रू पिळीत बसतो आणि यंत्रास शिव्या देतो.

पिळाची गोष्टही तशीच. नेहमीच्या शिवणयंत्रासाठी दोऱ्याचा अखेरचा पीळ एकाच विशिष्ट दिशेचा असावा लागतो. दोरा उभा धरून पाहिल्यास त्यावरील तिरप्या रेषा खालून डावीकडून वर उजवीकडे चढलेल्या दिसल्या पाहिजेत. रोमन लिपीतील झेड अक्षराची मधली रेघ अशीच असते, म्हणून त्यास झेड पीळ म्हणतात. उलट पिळाचा दोरा यंत्राच्या चालीने उकलत जातो आणि त्याचे पदर सुटतात. पीळ योग्य दिशेचा पण गरजेहून अधिक असेल, तर सैल सोडताच दोरा आपल्याभोवतीच वेटोळे घालतो. असा दोरा सुईपाशी नीट फास धरू देत नाही आणि टाके सुटतात. हातभर दोरा सोडून लोंबकळत ठेवला की ही परीक्षा दुकानातच होते. तिला पैसा लागत नाही. चकाकीला मात्र भुलू नये. कॉस्टिक सोड्यात ताणून धरून संस्कारिलेल्या मर्सराइज्ड सुताची चकाकी त्याच्या अंगची असते. खळ व मेण चोपडून आणलेली चकाकी चकत्यांवर आणि सुईवर उतरते.

आता आपल्या हवामानाकडे वळू. या सीमाभागातील शिंप्यास गणवेशाचा हंगाम दोनदा लाभतो. कर्नाटकातील शाळा मे महिन्याच्या अखेरीस अथवा जूनच्या आरंभी उघडतात. पलीकडे उमरगा, उदगीर, देगलूर, अक्कलकोट या महाराष्ट्राच्या तालुक्यांत त्या जूनच्या मध्यास उघडतात. भालकी, औराद, आळंद, बसवकल्याण येथील शिंप्याकडे दोन्ही बाजूंचे काम येते. पहिली घाई कडक उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, आणि दुसरी पहिल्या पावसात. सुती दोरा साधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून असतो व त्या ओलाव्यावर त्याचा कस अवलंबून असतो. कापूस ओला झाला असता अधिक बळकट होतो, हे अनेकांना खरे वाटत नाही, पण ते खरे आहे. मे महिन्याच्या कोरड्या झळांत हा ओलावा उडतो आणि चैत्रापूर्वी चांगला चालणारा दोरा तटातट तुटू लागतो. शिंपी म्हणतो, यंत्र तापले. पॉलिएस्टर दोऱ्याच्या अंगी ओलावा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणून त्याला ऋतूचे सोयरसुतक फारसे नसते.

मग सरसकट पॉलिएस्टरच का वापरू नये? असे आम्ही म्हणणार नाही. टेरिकॉटच्या गणवेशास पॉलिएस्टरच योग्य. सुती दोऱ्याने शिवल्यास पहिल्या धुण्यात दोरा आटतो, कापड आटत नाही, आणि शिवण चुणीदार होते. परंतु विटलेल्या, मऊ सुती कापडाच्या शिवणीत बळकट पॉलिएस्टर दोरा घातला तर ताण पडल्यावर दोरा टिकतो आणि कापड फाटते. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, फाटलेले लुगडे सांधत बसावे लागते. दोरा कापडाहून किंचित दुबळा असावा, हा जुन्या जाणत्या शिंप्यांचा दंडक आजही खरा आहे. याखेरीज वेगाचा प्रश्न आहे. कारखान्यातील यंत्रे मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतात. त्या वेगात घट्ट विणीच्या कापडातून जाणारी सुई इतकी तापते की नायलॉन व पॉलिएस्टर मऊ पडून तुटावे. पायाच्या यंत्रावर ही भीती नाही. मोटार लावली की विचार करावा.

सुईबद्दल थोडक्यात. सुईवर छापलेला ९० हा आकडा म्हणजे तिच्या दांड्याची जाडी ०.९ मिलिमीटर, तीच जुन्या मापाची चौदा नंबरी सुई. जाड दोरा बारीक नेढ्यात कोंबला की घासून तुटतो. बारीक दोरा मोठ्या नेढ्यात घातला की टाका सैल पडतो. हातभर दोरा सुईत ओवून तिरपा ताणून धरावा. सुई आपल्या भाराने सहज घसरली म्हणजे जोडी जमली. सुई मोडेपर्यंत बदलायची नाही, ही काटकसर खोटी आहे. बोथट सुईने गणवेशाचे अख्खे कापड नासते आणि भरपाई शिंप्यालाच द्यावी लागते. तसेच कापडाखाली गुंता झाला की बहुतेक जण बॉबीनकडे धाव घेतात, वस्तुतः दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो.

तेलाविषयी मात्र आम्ही जरा विस्ताराने लिहिणार आहोत, कारण या बाबतीत आपल्या भागात जे घडते ते इतरत्र क्वचितच घडत असेल. आपला मुलूख करडईचा. घरात करडईचे तेल असते, यंत्र कुरकुरू लागले की स्वयंपाकघरातून त्याचेच दोन थेंब आणून भोकांत सोडले जातात. यंत्र त्या क्षणी गप्प होते व घरधनीण समाधान पावते. परंतु करडईचे तेल हे हवेत सुकून घट्ट होणारे तेल आहे. तेच आटवून पूर्वी कातड्यास व कापडास पाणी न लागू देणारे रोगण करीत असत, आणि रंगाच्या धंद्यातही त्याला मागणी असते ती याच गुणासाठी. जे तेल कातड्यावर सुकून कवच होते, ते शटलच्या खाचेत निराळे काय होणार? काही आठवड्यांत तेथे पिवळट चिकट राळ जमते, तिच्यावर धूळ बसते. आणि आपली धूळ साधी नाही. बीदरकडे जांभ्याची तांबडी धूळ, शहाबादेकडे फरशीच्या दगडाची, कलबुर्गीत डाळ गिरण्यांची. राळेत दगडाची भुकटी मिसळली म्हणजे शाणच तयार झाली. ती लोखंड खाते. शेंगदाण्याचे तेल इतक्या लवकर सुकत नाही, पण खराब होऊन चिकटतेच. रॉकेलने जुनी घाण सुटते हे खरे, तथापि रॉकेल म्हणजे वंगण नव्हे. धुऊन पुसल्यावर यंत्राचे पांढरे खनिज तेल घातलेच पाहिजे. दर भोकात एक थेंब, नंतर चिंधीवर दहा-वीस टाके, म्हणजे नव्या कापडावर डाग पडत नाही. दिवसाच्या कामानंतर सुईखालची पट्टी उघडून दात्यांमधील कापसाचा भुगा कुंच्याने काढण्यास दोन मिनिटे पुरतात.

यावर आमचे व्यापारी बंधू म्हणतील, लोक स्वस्त माल मागतात, आम्ही काय करावे? हिशेब मांडून पाहू. समजा, एका झंपरास पंचवीस मीटर दोरा लागला. हजार मीटरच्या रिळात चाळीस झंपर झाले. हलक्या व चांगल्या रिळात वीस रुपयांचा फरक धरला, तरी एका झंपरामागे तो पन्नास पैसे पडतो. दोरा एकदा तुटला की पुन्हा ओवणे, मागची शिवण उसवणे यात जो वेळ जातो त्याची किंमत त्याहून कितीतरी अधिक. शिवाय हलक्या रिळात हजार मीटर खरोखर असतात काय, हेही पाहिले पाहिजे. वेष्टनावर मालाचे निव्वळ परिमाण छापणे हे वैधमापन कायद्याखालील २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे; ज्या रिळावर लांबीच नाही ते दुकानात का ठेवावे, याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

यात आपल्याच हिताचाही प्रश्न आहे. औरादचा किंवा चिंचोळीचा शिंपी कापड, अस्तर, बटणे हे सारे वर्षभर उधारीवर नेतो आणि हंगामात खाते फेडतो. ऐन हंगामात यंत्र बंद पडले की त्याला ते पोत्यात गुंडाळून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीदर–कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, त्यामुळे प्रवास काहीसा सुलभ झाला, पण दोन दिवसांची मजुरी बुडतेच. बुडालेली ती मजुरी अखेर कोणाच्या वहीत शिल्लक राहते, हे सांगण्याची गरज नाही.

शिवाय यंत्रांची संख्या वाढते आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. अनेक विधवा व गरजू भगिनींच्या घरी अशा साहाय्याने यंत्र आलेले आम्ही पाहतो, आणि वर्षभराने तेच यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलेले, त्यावर कपड्यांच्या घड्या रचलेल्या, असेही पाहतो. यंत्र दिले गेले. तेलाची बाटली, कुंचा आणि दोन शब्द कोणी दिले नाहीत. पूर्वी लग्नात आहेर म्हणून आलेले ‘सिंगर’ किंवा ‘उषा’ सासूकडून सुनेकडे जाई, आणि त्याबरोबर ते कसे राखावे हेही जाई. आता ते सांगणारे माणूस दुकानाच्या गल्ल्यावरच बसलेले आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दोऱ्याचा व्यापार करणाऱ्या प्रत्येक सभासदाने रिळे दुकानाच्या दर्शनी उन्हात मांडू नयेत. ऊन सुती व नायलॉन दोऱ्याचा कस घेते. अकरा, चौदा व सोळा नंबरच्या सुया, यंत्राचे तेल आणि कुंचा रिळांच्या शेजारीच ठेवावा. कोणत्या कापडास कोणता दोरा व कोणती सुई, तेल कोणते व कोणते नव्हे, एवढेच सांगणारी एक चिठ्ठी कन्नड, मराठी व उर्दू अशा तिन्ही भाषांत छापून रिळाबरोबर फुकट द्यावी. छपाईचा खर्च संघाने उचलावा असे आम्हांस वाटते. हे काम अक्षय्य तृतीयेच्या आत उरकले, तर गणवेशाच्या पहिल्या घाईपूर्वी चिठ्ठ्या खेडोपाडीच्या शिंप्यांच्या हाती पडतील.