शिसं नको, टंगस्टन घ्या
ब्रिटनच्या नद्यांतले हंस अन्न दळायला खडे गिळतात. गळाच्या दोरीवरून निसटून तळाशी पडलेले शिशाचे मणीही त्यांच्या पोटात जात, आणि ते विषबाधेने तडफडून मरत. म्हणून १९८७ साली तिथे शिशाच्या बहुतेक लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आली. ट्राउटसाठी कृत्रिम माशी बांधणाऱ्याला यात गमावण्यासारखं काही नाही. टंगस्टनची घनता शिशाच्या सुमारे १.७ पट, त्यामुळे मणी बारीक असूनही माशी झपकन खाली जाते. महाग आहे, हे खरं. दोरीवर चिमटायला मऊ कथील बरं. फक्त ते हलकं, म्हणून मणी थोडा मोठा लागतो. परदेशात गळ टाकणाऱ्या मराठी मित्रांनो, डबीत उरलेलं शिसं नदीवर नेऊ नका.