पोटदुखीच्या नांवाखालीं

आमच्या घरांतून आतां बहुतेक विषयांवर मोकळेपणीं बोललें जातें. वाढत्या मुलाच्या शरीराविषयीं मात्र अद्यापि मौनच आहे. या मौनापायीं मुलाचा एक अवयव एका रात्रींत कायमचा जाऊं शकतो. म्हणून या महिन्यांत वृषणाला पडणाऱ्या पिळाविषयीं लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे. विषय पाहून मातांनीं पान उलटण्याची घाई करूं नये. हें लिहिणें मुख्यतः त्यांच्यासाठींच आहे.

वृषण ज्या रज्जूला लोंबतें, त्याच रज्जूंतून त्याला रक्त मिळतें. विहिरींत सोडलेला पोहरा गरगर फिरून दोराला पीळ बसावा, तसा या रज्जूला पीळ बसला कीं प्रथम अशुद्ध रक्ताची परतवाट बंद होते, वृषण सुजतें, आणि मग शुद्ध रक्तहि पोंचेनासें होतें. कांहीं मुलांत वृषण भोंवतालच्या आवरणाला नीट चिकटलेलें नसून घंटेच्या लोलकाप्रमाणें मोकळें असतें. हा दोष जन्मजात, व सहसा दोन्ही बाजूंस असतो. पीळ कोणत्याहि वयांत पडूं शकतो. तथापि १२ ते १८ हीं वर्षें विशेष धोक्याचीं.

पुष्कळदां मुलगा झोपेंतून कळवळत उठतो. वांति होते. विचारलें तर पोट दुखतें म्हणतो. हें अगदींच खोटें नसतें, कारण कळ खरोखरच ओटीपोटांत चढते. उरलेलें तो लाजेनें गिळतो. मग ओवा येतो, हिंग येतो. बेंबी सरकली असें ठरवून कोणी पोट चोळूं लागतें. आजीच्या ओव्यावर आमचा कांहींएक राग नाहीं. मात्र त्याआधीं वडिलांनीं वा काकांनीं मुलाला एकांतांत नेऊन ‘खालीं दुखतें काय?’ असें स्पष्ट विचारावें व पाहावें. एका बाजूचें वृषण सुजलेलें, वर ओढलेलें किंवा आडवें दिसलें, तर तत्काळ निघावें. आदल्या दिवशीं खेळतांना मार लागला होता म्हणून निश्चिंत होऊं नये. मारानंतरहि पीळ पडतो.

कळ सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आंत पीळ सुटला तर बहुतेक वृषणें वांचतात. १२ तासांनीं सुमारें निम्मीं. २४ तासांनंतर क्वचितच एखादें. वाटेंत कळ थांबली तरी परत फिरूं नये. पीळ सुटल्यानें ती थांबते, तशी वृषण मेल्यानेंहि थांबते.

मांडीच्या आंतल्या बाजूस हळूच बोट फिरविलें असतां निरोगी मुलाचें वृषण वर उचललें जातें. पीळ असल्यास तें बहुधा हालत नाहीं. रक्तप्रवाह दाखविणारी सोनोग्राफी उपयोगी खरी, पण संशय बळकट असतां तिच्यासाठीं शस्त्रक्रिया लांबवीत नाहींत. संसर्गाची सूज समजून गोळ्या देणें व दोन दिवसांनीं बोलावणें, ही या वयांत सर्वांत महाग पडणारी चूक होय.

बीड जिल्ह्यांत हे ६ तास रस्त्यावरच सरूं शकतात. शल्यचिकित्सक बीडच्या जिल्हा रुग्णालयांत मिळतात, तसेच १९७४ सालीं स्थापन झालेल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयांत. पण आष्टीच्या घराला अंबाजोगाईहून अहिल्यानगर जवळ. जिल्हा आपला म्हणून उलट दिशेस धांवण्यांत अर्थ नाहीं. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. ऊसतोडीस गेलेल्यांचीं मुलें तर दिवाळीनंतर परमुलुखांत कोपींत झोपतात. शेतावरच्या सालगड्याच्या घरींहि ही माहिती पोंचवावी.

निघतांना मुलाला खाण्यापिण्यास कांहींच देऊं नये. भूल द्यावयाची असते. शल्यचिकित्सक पीळ सोडवून वृषण गरम ओल्या कापडांत गुंडाळतात व रंग परततो काय, हें पाहतात. परतला तर तें टांक्यांनीं जागीं बसवितात, व त्याच वेळीं दुसरी बाजूहि. परतला नाहीं तर काढावें लागतें. उरलेल्या एका वृषणावर पौरुष व संतति दोन्ही सहसा अबाधित राहतात. संमतिपत्रावर ‘वृषण काढावें लागण्याचा संभव’ हे शब्द वाचून घरचीं माणसें थबकतात व वडीलधाऱ्यांस विचारूं म्हणतात. त्या कागदावर आईची सही पुरते; पुण्याहून थोरले काका येईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं.